सुई, दोरा आणि आपले औदार्य

गेल्या आगमनकाळात आम्ही दहा शिलाई यंत्रांची देणगी नाकारली. ही गोष्ट आमच्या धर्मग्रामात अद्याप विसरली गेलेली नाही आणि ती विसरली जावी अशी आमचीही इच्छा नाही. ‘फादरांना गरिबांचे बरे झालेले पाहवत नाही’ इथपासून ‘हल्ली धर्मगुरूंना दानसुद्धा स्वतःच्या अटींवर हवे असते’ इथपर्यंत पुष्कळ काही आमच्या कानांवर आले. समोर येऊन मात्र कोणी बोलले नाही. आपल्याकडे ती रीत नाही. तेव्हा या पानांवरून उत्तर देण्याची मोकळीक आम्ही घेत आहोत. उत्तर कडवट वाटले तर वाचकांनी क्षमा करावी, पण ते शेवटपर्यंत वाचावे.

घडले ते असे. दिल्लीच्या पश्चिम भागात, विकासपुरीच्या परिसरात, म्यानमारहून आलेल्या चिन निर्वासित स्त्रियांमध्ये काम करणाऱ्या एक सिस्टर काही दिवसांसाठी आमच्याकडे आल्या होत्या. रविवारच्या मिस्सानंतर त्या दहा मिनिटे बोलल्या. लष्कराच्या जाचाला कंटाळून १९८८पासून चिन लोक भारतात येत आहेत, आणि १ फेब्रुवारी २०२१च्या लष्करी उठावानंतर तर हजारोंनी मिझोरमची सीमा ओलांडली, एवढे त्यांनी थोडक्यात सांगितले. मग त्या बायका एका भाड्याच्या खोलीत एकत्र बसून कशा शिवतात, एकीचे मूल दुसरी कशी सांभाळते, कोणी आजारी पडली तर तिच्या वाटणीचे काम बाकीच्या कशा उरकतात, याविषयी त्या बोलल्या. लोक हेलावले. त्याच संध्याकाळी आमचे एक ज्येष्ठ धर्मग्रामस्थ बंगल्यावर आले. दहा यंत्रांचे पैसे ते देणार होते. अटी दोनच. प्रत्येक यंत्रावर त्यांच्या दिवंगत मातापित्यांच्या नावाची पितळी पट्टी असावी, आणि वाटपाचा एक छोटासा समारंभ व्हावा.

“फादर,” ते म्हणाले, “बाईला मशीन दिली की ती पायावर उभी राहते. मासा देण्यापेक्षा गळ द्यावा म्हणतात ना!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सिस्टरांना विचारले. त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मशीन आहेत, फादर. सात आहेत. चालतात तीन, कारण काम तिघींपुरतेच मिळते.”

वाचकहो, आमचा सगळा युक्तिवाद खरे म्हणजे या एका वाक्यात आला आहे. पुढे जे लिहीत आहोत तो त्याचा विस्तार आहे.

आधी आमचा कबुलीजबाब. दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, विधवांसाठी म्हणून आम्ही स्वतः अशीच यंत्रे वाटली होती. फीत कापली, छायाचित्रात मधोमध उभे राहिलो, भाषणात ‘स्वावलंबन’ हा शब्द किती वेळा उच्चारला ते आता सांगवत नाही. दोनेक वर्षांनी घरभेटींना गेलो तेव्हा एका घरी त्या यंत्रावर टीव्ही ठेवलेला होता आणि खाली, पायट्यावर, मुलांची दप्तरे. घरची बाई ओशाळली. ‘फादर, शिवायला येते मला, पण शिवायचे कुणासाठी? बाजारात तयार फ्रॉक माझ्या कापडाच्या किमतीत मिळतो’, असे तिने सांगितले. ओशाळायला हवे होते आम्ही. पण तेव्हाही चहा घेऊन, आशीर्वाद देऊन आम्ही पुढच्या घरी गेलो.

निराधार स्त्री दिसली की तिच्या हातात सुई द्यावी, ही कल्पना काही आमच्या ज्येष्ठ मित्राच्या डोक्यातून निघालेली नाही. तिला मोठा इतिहास आहे आणि तो आपल्या स्वातंत्र्याइतकाच जुना आहे. १९४७ साली फाळणीने लाखो स्त्रिया उखडल्या गेल्या. त्यांपैकी ज्यांचे नवरे, बाप, भाऊ मारले गेले किंवा हरवले त्यांच्यासाठी सरकारी कागदांत एक विलक्षण संज्ञा वापरली गेली. तिचा मराठी अर्थ होतो, ‘कुणाशीही न जोडलेल्या स्त्रिया’. जणू स्त्री ही मूळचीच जोडकाम आहे. पुरुषापासून उसवली की सुटा तुकडा! ऋतु मेनन आणि कमला भसीन यांनी, तसेच उर्वशी बुटालिया यांनी, १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या आपापल्या ग्रंथांत या स्त्रियांच्या कहाण्या त्यांच्याच तोंडून नोंदवल्या आहेत. आमच्या वाचकांपैकी ज्यांना इंग्रजी येते त्यांनी ते ग्रंथ अवश्य वाचावेत. रामेश्वरी नेहरूंच्या देखरेखीखाली पुनर्वसन खात्याचा स्त्री-विभाग काम करीत होता. दिल्ली, कर्नाल, जालंधर अशा ठिकाणी आश्रम आणि प्रशिक्षण केंद्रे निघाली. तिथे काय शिकवले जाई? मुख्यतः शिवण आणि भरतकाम. निर्वासित पुरुषाला धंद्यासाठी कर्ज मिळावे म्हणून १९४८ साली कायदा करून स्वतंत्र वित्तसंस्था काढली गेली. पुरुष भांडवल मागत होता, तर स्त्रीपुढे सुई धरली जात होती.

तरीही त्या काळातल्या माणसांना आम्ही एका बाबतीत मानतो. यंत्र देऊन भागत नाही, माल विकला गेला पाहिजे, हे त्यांच्यापैकी काहींच्या लवकर ध्यानात आले. फोरी नेहरू, किटी शिवराव यांसारख्या स्त्रियांनी निर्वासित बायकांच्या हातचा माल विकण्यासाठी दिल्लीत दुकान उघडले. पुढे जे सेंट्रल कॉटेज इंडस्ट्रीज एम्पोरियम म्हणून नावारूपाला आले त्याचे बीज त्या दुकानात होते. कमलादेवी चट्टोपाध्याय यांनी १९४८ साली इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन स्थापन केली. निर्वासिताला आश्रित न समजता सहकारी संस्थेचा सभासद समजावे, हा त्यांचा आग्रह होता. सभासद म्हणजे हिशेब विचारणारा माणूस. दान घेणाऱ्याने हिशेब विचारलेला आपल्याला कधी चालला आहे?

आपल्या महाराष्ट्रातलेच उदाहरण हवे असेल तर कोल्हापूरजवळचे गांधीनगर घ्या. आज ते कापडाच्या घाऊक बाजारपेठेसाठी ओळखले जाते. आपल्यातले कित्येक जण लग्नाचा बस्ता बांधायला तिथे गेले असतील. पण त्या जागेचे जुने नाव वळिवडे. १९४३पासून १९४८पर्यंत तिथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते, बहुतेक स्त्रिया आणि मुले, आणि बहुतेक कॅथलिक. १९४०-४१मध्ये सोव्हिएत राजवटीने त्यांना घरांतून उचलून सैबेरिया-कझाकस्तानात नेऊन टाकले होते. इराणमार्गे ती माणसे करवीर संस्थानात पोहोचली. त्यांनी वळिवड्याला स्वतःच्या शाळा, चर्च, रुग्णालय, नाट्यगृह उभे केले. छावणी असून ते गाव झाले. पोलिश लोक गेले आणि त्याच वसाहतीत सिंधमधून आलेले निर्वासित राहू लागले. एका उद्ध्वस्त समाजाने रिकामी केलेली जागा दुसऱ्या उद्ध्वस्त समाजाने घेतली, आणि तिची बाजारपेठ केली. २०१७ साली वॉर्सा शहरात कोल्हापूरच्या ऋणाचे स्मारक उभे राहिले. आपल्या धर्मशिक्षणाच्या वर्गात यातले किती सांगितले जाते?

उल्हासनगरही तसेच. कल्याणजवळची लष्करी छावणी. तिथे सुमारे एक लाख सिंधी येऊन राहिले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची कोनशिला बसली. बराकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडलेल्या तिथल्या बायकांनी पापड लाटले, लोणची घातली, कपडे शिवले. पुढे तयार कपड्यांचा, विशेषतः जीन्सचा, केवढा धंदा तिथे उभा राहिला ते सर्वश्रुत आहे. ‘बघा, कष्ट केले आणि वर आले’, असे म्हणून आपण लगेच त्याचे सुभाषित करून टाकतो. कष्ट त्यांनी केलेच. पण त्यांच्या हाती आणखी काय होते ते मोजा. ते या देशाचे नागरिक ठरले. मत देता येत होते, दुकान नावावर करता येत होते, बँकेत खाते उघडता येत होते, आणि कल्याणच्या स्थानकातून गाडीत बसले की मुंबईची बाजारपेठ समोर होती. विकासपुरीतल्या चिन बाईजवळ यातले काय आहे? युएनएचसीआरचे एक कार्ड. ते दाखवून बहुतेक बँका खाते उघडत नाहीत. खाते नाही म्हणून बचतगटाचे कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून कापड स्वतः घेता येत नाही. कापड ठेकेदाराचे, म्हणून भावही ठेकेदाराचा, नगामागे तो देईल तेवढे पैसे. तिने तक्रार करायची कुठे? १९५१चा निर्वासितविषयक आंतरराष्ट्रीय करार भारताने कधीच स्वीकारला नाही, १९६७चा पूरक करारही नाही. जुने परकीय नागरिकविषयक कायदे रद्द करून २०२५ साली नवा कायदा आला, पण त्यातही ‘निर्वासित’ या माणसाची व्याख्या नाही. कायद्याच्या लेखी ती बाई परकी आहे, एवढेच. तिच्या यंत्रावर पितळी पट्टी बसवून तिचे यातले काय बदलणार होते, हे आमच्या मित्राने आम्हाला अजून सांगितलेले नाही.

आता, या सगळ्यावर ‘मग शिवणकाम शिकवूच नये का?’ असे कोणी विचारील. ते शिकवावे. शिवणकामाविरुद्ध आमचा एक शब्दही नाही. उलट त्याच्याविषयी आम्हाला जो आदर आहे तो यंत्रे वाटणाऱ्यांना नाही, असेच आमचे म्हणणे आहे. त्यासाठी वाचकांना जरा दूर, मध्य अमेरिकेत नेतो.

एल साल्वादोर या देशातल्या मोरासान प्रांताच्या उत्तर भागातून १९८०च्या अखेरीस शेतकरी कुटुंबे लष्कराच्या मोहिमांपुढे पळाली आणि सीमा ओलांडून होंडुरासमध्ये कोलोमोन्काग्वा गावाजवळ थांबली. पुढची नऊ वर्षे तिथे छावणी होती. शेवटी शेवटी तिच्यात आठ हजारांहून अधिक लोक राहत होते. बायका, मुले आणि म्हातारेच जास्त. मागे काय चालले होते ते एका नावावरून समजेल. डिसेंबर १९८१मध्ये एल मोसोते या खेड्यात आणि आसपास लष्कराने सुमारे हजार माणसे मारली. त्यातून वाचलेल्या रुफिना अमाया या स्त्रीने पती आणि चार मुले गमावली होती. ती याच छावणीत आली. जे पाहिले ते ती जगाला सांगत राहिली. पुष्कळ वर्षे तिच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही.

या छावणीभोवती होंडुरासच्या सैनिकांचा पहारा होता. बाहेर जाऊन मजुरी करण्याची मुभा नव्हती. १९८५च्या ऑगस्टमध्ये तर सैनिक छावणीत घुसले, त्यात निर्वासित मारले गेले. अशा जागी अन्नधान्य, कापड, अवजारे बाहेरून येत. युएनएचसीआर आणि कारितास यांसारख्या संस्था ती पुरवीत. इथपर्यंत ही कोणत्याही छावणीची कथा झाली. पण तयार कपडे वाटून घेण्यापेक्षा ‘कापड द्या, आम्ही शिवतो’, असे या लोकांनी ठरवले. शिवणाची कार्यशाळा निघाली. पाठोपाठ चपलाबुटांची, झोपाळ्यांची, सुतारकामाची, पत्र्याच्या भांड्यांची. कार्यशाळा कुणा एकाची नव्हती. कोण शिकणार, कोण शिकवणार, कुणाला आधी कपडे मिळणार, हे त्यांच्या समित्या ठरवीत, आणि त्या समित्यांत बायका होत्या. ज्यांनी आयुष्यात कधी चार लोकांपुढे तोंड उघडले नव्हते त्या बायका! दिवसा यंत्रावर बसणारी बाई संध्याकाळी अक्षरे गिरवू लागली. छावणीत आले तेव्हा बहुतेक प्रौढ निरक्षर होते. परतताना बहुतेकांना लिहिता-वाचता येत होते.

होंडुरासमधल्या या छावण्यांतल्या बायकांनी आणखी एक केले. कापडाच्या तुकड्यांवर त्यांनी आपला पळ, बॉम्बफेक आणि छावणीतले दिवस भरतकामाने काढले. त्यांतले काही तुकडे परदेशांत गेले, काही आज सान साल्वादोरमधल्या ‘शब्द आणि प्रतिमा’ संग्रहालयात आहेत. आपल्या भरतकामात गुलाब आणि मोर असतात म्हणून हे जरा नवल वाटते. पण विचार करा, ज्या बाईची साक्ष कोणतेही न्यायालय घेत नव्हते तिने ती टाक्यांत नोंदवली. सुईचा असाही उपयोग असतो. यंत्र वाटणाऱ्यांच्या हिशेबात तो कधी धरलेला नसतो.

मग १९८९ उजाडले. सरकारची परवानगी पुरती मिळालेली नसतानाही नोव्हेंबरच्या १८ तारखेला पहिला जथा मायदेशी परतला. दोनच दिवस आधी, १६ नोव्हेंबरला, सान साल्वादोरच्या विद्यापीठात सहा येशूसंघीय धर्मगुरू, त्यांच्याकडे काम करणारी एक स्त्री आणि तिची मुलगी यांना लष्कराने गोळ्या घातल्या होत्या. त्या सहांपैकी सेगुंदो मोन्तेस हे निर्वासितांच्या प्रश्नाचे अभ्यासक होते. १९९०च्या प्रारंभी बाकीची छावणी परतली. घरांचे लाकूड आणि कार्यशाळांची यंत्रे बरोबर घेऊन त्या लोकांनी मोरासानमध्ये नवी वस्ती वसवली आणि तिला मोन्तेस यांचे नाव दिले. त्या यंत्रांवर कुणाच्या नावाची पट्टी होती की नाही, ते आम्हाला ठाऊक नाही.

यापुढची गोष्ट आमच्या बाजूने बोलणारे बहुधा सांगत नाहीत, पण ती दडवणे अप्रामाणिकपणाचे होईल. नव्या वस्तीत कार्यशाळा फार काळ चालल्या नाहीत. छावणीत आठ हजार माणसांना कपडे लागत होते आणि कापड फुकट येत होते. बाहेर आल्यावर बाजार होता, स्पर्धा होती. परदेशी मदत हळूहळू आटली, आणि पुष्कळ तरुण पोटासाठी अमेरिकेला गेले. एवढे संघटित, एवढे जिद्दीचे लोक, आणि तरीही शिवलेला माल घेणारा नसेल तर यंत्र थांबते. सिस्टरांच्या सातांपैकी चार यंत्रे ज्या कारणाने थांबली त्याच कारणाने. मात्र यंत्रे थांबली तरी तिथली बाई पूर्वीच्या जागी परत गेली नाही. वाचायला शिकलेली, समितीत बसलेली, हिशेब मागितलेली स्त्री पुन्हा अडाणी करता येत नाही. रुफिना अमाया परत आल्यावर आपल्या वस्तीत धर्मसेविका म्हणून काम करीत राहिली, २००७ साली मृत्यू येईपर्यंत.

आमच्या धर्मग्रामातल्या काही आक्षेपांना इथेच उत्तर देऊन टाकतो. ‘आपलेच गरीब काय कमी आहेत?’ असे विचारणाऱ्यांना आमची विनंती आहे की त्यांनी आपल्या गरिबांसाठी गेल्या वर्षी काय केले ते सांगावे. मग पुढे बोलू. ‘त्या बहुतेक बॅप्टिस्ट आहेत’, हा आक्षेप ऐकून आम्ही थक्क झालो, त्याला उत्तर देणार नाही. ‘उद्या त्या परत जातील, मग आपला पैसा फुकट!’ हा आक्षेप त्यातल्या त्यात विचार करण्यासारखा. परत जाण्याची इच्छा चिन स्त्रीला आपल्यापेक्षा अधिक असेल. पण कोलोमोन्काग्वाच्या बायका परत गेल्या तेव्हा जाताना काय घेऊन गेल्या ते वर सांगितलेच आहे. माणूस परत जातो म्हणून त्याच्यावर केलेला खर्च फुकट जातो, हा हिशेब आम्हाला कळत नाही.

यापो गावच्या टबीथेची कथा आपल्याला पाठ आहे. प्रेषितांच्या कृत्यांचा नववा अध्याय. ती मेली तेव्हा विधवा रडत पेत्राजवळ आल्या आणि तिने केलेले अंगरखे आणि वस्त्रे त्याला दाखवू लागल्या. आपल्या उपदेशांत आपण टबीथेला दानशूर बाई करून टाकले आहे; आम्हीही केले आहे. पण त्या कथेत आम्हाला आता वेगळेच काही दिसते. टबीथेने कापड वाटले नव्हते, शिवलेली वस्त्रे दिली होती; आणि ती त्या विधवांच्या सोबत असताना शिवली होती, असे ग्रंथकर्ता लूक मुद्दाम सांगतो. पोप फ्रान्सिस यांनी २०१८च्या स्थलांतरित आणि निर्वासितांच्या दिनासाठी चार क्रियापदे दिली होती: स्वागत करणे, संरक्षण देणे, वाढू देणे आणि सामावून घेणे. आपण पहिल्यावरच थांबतो. स्वागताला चहा लागतो आणि छायाचित्रकार लागतो. उरलेल्या तिहींना वेळ, वकील आणि बाजारभाव लागतो.

आम्ही देणगी नाकारली तेव्हा एक सूचनाही केली होती. ती मात्र कुणी गावभर सांगितली नाही. आमच्या धर्मग्रामात यंदा ७२ मुले-मुली प्रथम ख्रिस्तप्रसाद घेणार आहेत. मुलींचे पांढरे पोशाख, मुलांचे सदरे, वेदीसेवकांचे झगे, गायकवृंदाचे गाऊन, वेदीची वस्त्रे, हे सगळे आपण दरवर्षी एका व्यापाऱ्याकडून घेतो, आणि तो ते कुठून, कुणाकडून, किती मजुरीवर शिवून आणतो हे आपण कधी विचारलेले नाही. आम्ही सुचवले की आमच्या मित्राने दहा यंत्रांचे पैसे कापडासाठी आगाऊ द्यावेत, बायकांच्या गटाला वाजवी मजुरी आपण द्यावी, आणि माप कळवून हे काम वर्षभर आधी त्यांच्याकडे सोपवावे. खात्याची अडचण आहे. सिस्टरांच्या संस्थेमार्फत पैसे पाठवता येतील, पण हिशेब बायकांच्या गटाने ठेवावा आणि त्याची प्रत आपल्याला यावी, आपल्या हिशेबाची प्रत त्यांना जावी. यात पितळी पट्टीला जागा नाही, हे खरे. पोशाखाला आतून, मानेच्या शिवणीत, शिवणाऱ्या बाईचे नाव असलेली कापडी चिठ्ठी लावता येईल, जर तिची इच्छा असेल तर.

हा प्रस्ताव धर्मग्राम परिषदेपुढे दोनदा आला आणि दोनदा पुढे ढकलला गेला. एकदा गणपूर्ती नव्हती, एकदा फिएस्टाच्या मंडपाचा विषय लांबला. तिसरी बैठक येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी, दुसऱ्या मिस्सानंतर आहे. सिस्टरांचे पत्र आले आहे. नवरात्रीपूर्वी कळले तर नाताळनंतर काम सुरू करता येईल, आणि मापांत बाहीची लांबी वेगळी लिहून पाठवा, असे त्यांनी कळवले आहे.